पावडर मास्टर आणि बादूची टॅक्सी

कुमासी शहरातल्या सुआमे मॅगझिनमध्ये, गॅरेजांच्या त्या अख्ख्या वस्तीत जाऊन क्वाद्वो ब्रेन्याचं दुकान कुठं, असं विचाराल तर कुणी दाद देणार नाही. पावडर मास्टर म्हणा. मग वेल्डिंगवाला हातातलं काम थांबवून बोट दाखवील, भाजकी केळी विकणारी बाई चार पावलं बरोबर येईल आणि वर सल्लाही देईल, की बाबा, त्याच्या पोटात आंबील पडेपर्यंत थांब, तोवर तो माणसात नसतो.

ब्रेन्याची सगळी हयात इंजिनाची गळती शोधण्यात गेली. बाकीचे फिटर दहा गाड्यांचे अवयव जोडून एक चालती गाडी उभी करतात, त्यांचं नाव होतं. ह्याच्या वाट्याला आलं ते कुणालाच नको असलेलं काम. गाडीखाली रोज ऑइलचा डाग पडतो, गास्केट बदलून झालं, सील बदलून झालं, डाग आपला हजर. अशी डोक्याला ताप झालेली गाडी शेवटी ब्रेन्याकडे येते. तो आधी रॉकेल आणि ब्रश घेऊन इंजिन लख्ख घासतो, कोरडं करतो, आणि मग खिशातला लहान मुलांच्या पावडरीचा डबा काढून सगळ्या इंजिनावर पावडर उडवतो. मग गाडी चालू. पांढऱ्यावर ऑइलची पहिली ओली रेघ जिथून उमटेल, तिथं गळती. ऑइल मोठं लबाड असतं, वरून निघतं, मागं पळतं आणि भलतीकडेच थेंब होऊन पडतं. म्हणून डाग बघून भागत नाही, रेघेचं टोक शोधावं लागतं. पण हे तो गिऱ्हाइकाला समजावत बसत नाही. "हात लावू नका, आणि शिंक आली तर पलीकडे जाऊन शिंका," एवढंच सांगतो.

आता पावडर ही आपल्याकडे आनंदाची गोष्ट. कोर्टात कज्जा जिंकला की डोक्यावर पावडर, बाळंतीण सुखरूप सुटली की मानेला पावडर, आणि शिकाऊ पोरगं काम शिकून मोकळं झालं की त्याच्या मास्टरनं चार लोकांसमोर त्याच्या डोक्यावर डबा रिकामा करायचा. त्या दिवसापासून तो फिटर. ब्रेन्याच्या नशिबी तो दिवस आलाच नाही. ज्याच्या हाताखाली त्यानं पाने धुतले, शिव्या खाल्ल्या, पाठीवर गिअरबॉक्स वाहिले, तो त्याचा मास्टर मोकळीक द्यायच्या आतच तापानं गेला. घरच्यांनी दुकान मोडलं आणि ब्रेन्या एक पाना घेऊन रस्त्यावर आला. पुढं स्वतःच्या हिमतीवर त्यानं शेड उभी केली, केस पिकले, तरी शेजारचे फिटर अजून टोमणा मारतात, "ए शिकाऊ, पाणी आण रे." तो हसतो, एक सणसणीत शिवी हासडतो, आणि ते हसणं कुठपर्यंत खरं आहे हे कुणी बघायला जात नाही.

एकाला ठाऊक होतं. यॉ बादूला. बादू टॅक्सी चालवायचा, केजेटिया ते सुआमे, जन्मभर. दोघांची दोस्ती एका गळक्या टॅपेट कव्हरवरून सुरू झाली आणि ती बादू छातीत कळ येऊन गेला तेव्हाच थांबली. बादू म्हणायचा, "तुझ्या डोक्यावर पावडर मी टाकणार. पण तू इतका खडूस आहेस, की अजून दोन-चार वर्षं शिकाऊच बरा." ब्रेन्या म्हणायचा, "तू तर गाडी चालवायलाच शिकला नाहीस, तू काय मला मोकळं करतोस." बादूची बायको बिरागो बाजूला जेवणासाठी फुफू कांडत असायची. तिला ब्रेन्या "आमची बायको" म्हणायचा, मित्राच्या बायकोला म्हणतात तसं, आणि ती मुसळ न थांबवता म्हणायची, "ह्या नवऱ्याला आधी हात धुवायला सांगा." बादू गेल्यावर मात्र ब्रेन्याच्या तोंडून ते कधी निघालं नाही. तो तिला बिरागोबाई म्हणू लागला. तीही त्याला मास्टर म्हणू लागली. दोघांनाही ते ऐकताना कसंसंच व्हायचं.

बादूची गाडी रीतीप्रमाणे त्याच्या बहिणीच्या मुलाकडे गेली, आनानेकडे. आनाने गोठवलेल्या मासळीचं दुकान चालवतो, माणूस वाईट नाही. त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, "मामी, वर्ष होईपर्यंत गाडी तुझ्याच अंगणात राहील. सेदू चालवील, तुझी चूल चालेल. वर्षाच्या दिवशी पुढचं बघू." सेदू हा झोंगो मोहल्ल्यातला ड्रायव्हर, बादूचा जुना बदली गडी. सगळं ठीक चाललं असतं, पण गाडीला गळती लागली. रोज सकाळी पुढच्या चाकापाशी ऑइलचा डाग. सेदूनं तीन फिटर केले. तिघांनी काही ना काही बदललं आणि तिसऱ्याच्या हाताखालून आली तेव्हा तर गाडी निळा धूर ओकायला लागली. आनाने वैतागला. वर्षाचे विधी शनिवारी होते, त्या दिवशी घराण्यातली वडीलधारी बसणार होती, आणि त्यानं निरोप धाडला, की शनिवारपर्यंत गळती सापडली तर गाडी मामीकडे, नाहीतर भंगारात. आजारी गाडी आपण पोसणार नाही.

हा निरोप घेऊन बिरागो स्वतः मॅगझिनमध्ये आली. काळ्या कापडात, उन्हातून चालत, मागून सेदू गाडी रखडत आणत होता. ब्रेन्या एका व्हॅनखाली आडवा होता. त्याला आधी तिच्या चपला दिसल्या.

"तीन जणांकडे गेलीस आणि माझ्याकडे आता," तो व्हॅनखालूनच म्हणाला.

"मी नाही गेले, सेदू गेला," बिरागो म्हणाली. "मला वाटलं, तुला त्या गाडीकडे बघवणार नाही."

ब्रेन्या बाहेर आला नाही लगेच. खरं होतं ते. वर्षभरात तो त्या अंगणात तीनदाही गेला नव्हता. तिथं गेलं की बादूचं स्टूल भिंतीला टेकलेलं दिसायचं, आणि ह्याला मग दोन दिवस जेवण जायचं नाही. उगाच खोटं कशाला सांगा, त्याला बिरागोच्या समोर बसायची भीती वाटायची. त्याच्याकडे गळती शोधायला डबा होता, सांत्वन करायला काही नव्हतं.

बिरागो गेल्यावर त्यानं बॉनेट उघडलं आणि सेदूवर डाफरला. ऑइल बघायची दांडी जिथं असते त्या नळीत दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाचा तुकडा ठोकलेला होता.

"हे काय रे? इंजिनाला जेवायला घातलंय का?"

"मला गाडी मिळाली तेव्हापासून दांडी नाहीच, मास्टर. हरवली असेल."

"आणि तू ऑइल कसं बघतोस? डोळे मिटून?"

सेदू मान खाजवत म्हणाला, "सकाळी डाग दिसला की समजतो, सांडलंय. मग थोडं ओततो."

"थोडं म्हणजे?"

"थोडं म्हणजे... मन भरेपर्यंत."

ब्रेन्यानं खाली परात सरकवून ऑइल सोडलं. परात भरली. दुसरी ठेवली, तीही भरत आली, आणि सेदूचं तोंड उतरत गेलं. जी गाडी वर्षभर गळतेय, तिच्या पोटात कमी ऑइल हवं. हिच्या पोटात जवळजवळ दुप्पट होतं. इंजिनात ऑइल जास्त झालं की ते घुसळून निघतं, फेस होतो, आत दाब चढतो आणि मग वाट मिळेल तिथून बाहेर पडतं, धडधाकट सीलमधूनसुद्धा. तिघा फिटरांनी ऑइल काढलं, ओतून दिलं, कुणी परातीत डोकावून बघितलं नाही.

"अरे गाढवा," ब्रेन्या म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता, कारण कोडं सुटलं नव्हतं. सेदू ओतायचा ते डाग बघून. मग पहिला डाग आला कुठून? आणि सेदू शपथेवर सांगत होता, की आपलं मन पेलाभरातच भरतं; ते खरं मानलं, तर एकट्या त्याच्या ओतण्यानं दोन पराती भरणं शक्य नव्हतं.

त्यानं इंजिन घासलं, नवं ऑइल मोजून ओतलं, पावडर उडवली. सेदूला घेऊन ओफिन्सो रस्त्यानं लांबवर फिरवून आणलं. पावडर जशीच्या तशी. एक रेघ नाही. ब्रेन्यानं भिंग लावून पाहिलं, गुडघ्यावर बसून पाहिलं, शेजारचा वेल्डिंगवाला म्हणाला, "शिकाऊ, ह्या वेळी नापास होणार तू." संध्याकाळी त्यानं पुन्हा एक हात पावडर मारली आणि सेदूला बजावलं, की गाडी अंगणात लाव आणि मी येईपर्यंत बॉनेटला बोटही लावशील तर तुझी धडगत नाही.

सकाळी तो अंगणात पोचला तेव्हा सेदू चाकापाशी उकिडवा बसला होता आणि कुणी मेल्यासारखा जमिनीकडे बघत होता. डाग होता. ताजा, वाटीएवढा.

ब्रेन्यानं बॉनेट वर केलं. इंजिन पांढरंशुभ्र. तळाच्या चेंबरखाली एकही थेंब लोंबत नव्हता. फक्त ऑइल ओतायच्या झाकणावरची पावडर पुसली गेली होती, आणि तिच्यात बोटांचे ठसे होते. लहान, निमुळते. सेदूची बोटं केळ्याएवढी.

तेवढ्यात बिरागो पाणी घेऊन बाहेर आली. आलेल्या माणसाला आधी पाणी, मग खबरबात. ब्रेन्यानं पेला घेतला आणि वर बघितलं. तिच्या काळ्या कापडाच्या काठाला पांढरा फराटा होता. वर्षाच्या आतली विधवा, तिच्या अंगाला पावडर. शेजारणीनं पाहिली असती तर आठवडाभराच्या गप्पांची बेगमी झाली असती.

"सापडलं का काही?" तिनं विचारलं.

"अजून नाही," ब्रेन्या म्हणाला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. इंजिनाच्या बाबतीत तो कधी गोलमोल बोलत नसे, पण आपल्याला काय सापडलंय हे त्याला स्वतःलाच धड कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधीच तो अंगणाच्या मागल्या बाजूला, मोरीच्या भिंतीआड येऊन बसला. ह्या वयात चोरासारखं दुसऱ्याच्या घरात, तेही बाईमाणसाच्या मोरीमागं. कुणी पाहिलं असतं तर मॅगझिनमध्ये तोंड दाखवायची सोय उरली नसती. एका कोंबडीनं त्याला पाहिलं आणि बरंच काही सुनावलं.

मग दार वाजलं. बिरागो आली. तिच्या हातात ऑइलचा कॅन होता आणि एक रिकामा झालेला दुधाचा छोटा डबा. तिनं बॉनेट उचललं, सरावाच्या हातानं, आवाज न करता. डब्यात ऑइल घेतलं. गाडीच्या चाकापाशी चपला काढून उभी राहिली, कापड एका खांद्यावरून खाली घेतलं, वडीलधाऱ्यांसमोर घेतात तसं, आणि गेलेल्यांना पेय देतात तसं डब्यातलं थोडं जमिनीवर ओतलं.

"बादू, उठ. हे घे," ती म्हणाली. "तोंड धुवायच्या आधी हिला पाजायचास, तर मीही अजून तोंड धुतलेलं नाही. शनिवारी सगळे येतायत. बकरी सांगितलीय, खुर्च्या सांगितल्यात. आपली पोरगी ताकोराडीहून निघालीय. तुझ्या मित्राला बोलावलंय गाडी दाखवायला. तो वाळलाय रे फार. काल पाणी प्यायला आणि माझ्याकडे न बघताच गेला. त्याला जरा सांग काहीतरी. आणि ही गाडी राहू दे माझ्याकडे, एवढं बघ. ही गेली तर मी सकाळी उठून कुणाशी बोलू?"

उरलेलं ऑइल तिनं इंजिनात ओतलं, एक थेंब न सांडता, आणि झाकण लावलं.

भिंतीआड ब्रेन्याला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. त्यानं गळत्या शोधल्या होत्या जन्मभर. हे कानावर पडायला नको होतं. निघून जावं तर कोंबडी पुन्हा बोंबलणार. शेवटी तो खोकला.

बिरागो दचकली नाही. वळून तिनं कापड खांद्यावर घेतलं. "किती वेळ झाला?"

"बराच."

"मग सांग आता सगळ्यांना, की बिरागोच्या डोक्यावर परिणाम झालाय."

"मी कुणाला काय सांगणार," ब्रेन्या म्हणाला आणि स्टुलावर बसला. बादूच्या स्टुलावर, हे त्याला बसल्यावर कळलं. "रोज ओततेस?"

"रोज. तो रोज ओतायचा."

"तो रोज बघायचा. दांडी काढून बघायचा आणि लागलं तरच ओतायचा. दांडी कुठाय?"

बिरागो कापडाच्या काठानं डबा पुसू लागली.

"बिरागोबाई, दांडी कुठाय?"

"त्याच्याजवळ."

"कुणाजवळ?"

"त्याच्याजवळच. पुरायच्या पेटीत. हातात दिली मी त्याच्या." ती आता त्याच्याकडे बघत नव्हती. "सगळ्यांनी काय काय ठेवलं, कुणी अंगठी, कुणी कापड. मला वाटलं, तिकडे त्याला गाडीचं कसं कळणार, ऑइल आहे की संपलं. तो पहाटे उठून दांडीच शोधणार. म्हणून दिली."

ब्रेन्याला हसू आलं. बादूला तो नीट ओळखत होता. तिकडे दांडी घेऊन तो खरोखरच कुणाचं तरी बॉनेट उघडून बसला असेल, आणि म्हणत असेल, काळं झालंय, बदला. ह्या बाईनं त्याला बरोबर ओळखलं होतं.

मग त्यानं तिला सांगितलं, कारण सांगणं भाग होतं. की चाकापाशी डाग तिचाच असतो. सेदू तो बघतो, समजतो गाडी गळतेय, आणि वरून आणखी ओततो. दोघंही ओततात, आणि दांडी नाही म्हणून दोघांनाही कळत नाही. गाडीला दुसरं काहीही झालेलं नाही.

बिरागोनं बॉनेटच्या कडेला हात टेकला. "म्हणजे मीच त्याची गाडी मारत होते?"

ब्रेन्यानं फडक्यानं झाकणावरचे ठसे पुसले. "मारत कुठं होतीस," तो म्हणाला. "जेवू घालत होतीस. जरा जास्त झालं, एवढंच. आमच्या बायकोच्या हातचं जेवून मीही एकदा दोन दिवस उठलो नव्हतो."

बोलून गेल्यावर त्याला कळलं आपण काय म्हणालो ते. बिरागो रडत होती, आणि रडता रडताच म्हणाली, "हात धुतले होतेस का तेव्हा?"

त्यानं जास्तीचं ऑइल काढून टाकलं आणि तिथून तडक मॅगझिन गाठलं. त्या इंजिनाची दांडी शोधत भंगाराचे ढिगारे उपसले, सगळ्यांशी भांडला, शेवटी एका मेलेल्या इंजिनातून एक मिळाली. ती घासूनपुसून त्यानं दुपारी बिरागोच्या हातात दिली आणि दोन खुणा दाखवल्या. "ह्याच्या खाली गेलं तर भूक. ह्याच्या वर गेलं तर अजीर्ण. मधे असेल तर झाकण लावायचं आणि घरात जायचं." सेदूला त्यानं बजावलं, की तुझा हात ह्यापुढं फक्त स्टिअरिंगला. तीन दिवस गाडी केजेटियाला धावली, धूर नाही, तक्रार नाही. बिरागो रोज पहाटे दांडी बघत होती आणि डब्यातलं थोडंसं जमिनीवरच ओतत होती.

उरला शनिवार. घराण्याची माणसं विचारणारच होती, की मास्टर, गळती कुठं होती. खरं सांगावं, तर भरल्या मांडवात कुणीतरी म्हणणारच, की बाईनंच नवऱ्याची गाडी नासवली, तिच्या हाती पुन्हा कशी द्यायची. ब्रेन्यानं मनाशी ठरवलं, खोटं बोलायचं. आयुष्यात पहिल्यांदा, एका इंजिनाबद्दल.

शनिवारी अंगणात मांडव पडला. लोक काळ्या-पांढऱ्या कापडांत आले. बिरागोनं वर्षाचं काळं सकाळीच उतरवलं होतं आणि पांढरं नेसली होती. ब्रेन्यानं तिला पाहिलं आणि उगाच खिशातला डबा चाचपला. जेवणं झाली, गेलेल्यांच्या नावानं पेय जमिनीवर ओतून झालं, आणि घराण्याचा सगळ्यात म्हातारा, आपाऊ नाना, खुर्चीत सावरून बसत म्हणाला, "आता ती गाडी. फिटर, सांग."

ब्रेन्या उभा राहिला. "गाडी बरी आहे. गळत नाही."

"गळत कुठून होती?" आनानेनं विचारलं. त्याचा आवाज वाकडा नव्हता. विचारणं त्याचं कामच होतं.

"क्रँकचं सील," ब्रेन्या म्हणाला.

"सील दोनदा बदललंय. मी स्वतः आणून दिलं."

"ते पुढचं. हे... मागचं."

"मागचं गळलं तर डाग पुढच्या चाकापाशी?"

मांडवात मॅगझिनचे फिटरही आले होते, आणि ते एकमेकांकडे बघायला लागले. पावडर मास्टर घामानं निथळत होता. पोरांनाही कळलं असतं, की हा माणूस खोटं बोलतोय आणि त्याला ते मुळीच जमत नाहीय.

"बस मास्टर," बिरागो म्हणाली आणि बायकांमधून पुढं आली. "तुझ्यानं होणार नाही ते."

तिनं सगळं सांगितलं. डबा, जमिनीवरचं, इंजिनातलं, सेदूचं, आणि दांडीचंसुद्धा. थांबली नाही, रडली नाही. शेवटी म्हणाली, "गाडीला काही झालं नव्हतं. माझंच झालं होतं. आता विकायची तर विका, पण हा माणूस माझ्यासाठी खोटं बोलला असं नको."

मग आपाऊ नानानं घसा खाकरला. "ती लोखंडी पट्टी," तो म्हणाला. "त्याची मूठ मी बांधली होती. मला वाटलं, टॅक्सीवाल्यांच्या युनियनचं काही मानाचं असेल. मी ती चांगली आवळून बांधली."

आधी एक म्हातारी हसली, मग तिच्या शेजारची, आणि मग सगळा मांडव हसत सुटला. सेदू तर डोळे पुसत होता. वर्षभरात त्या अंगणात असं हसणं झालं नव्हतं.

आनाने मात्र हसला नाही. तो ब्रेन्याकडे वळला. "मास्टर, आता खरं सांग. गळत नाही ना?"

"गळत नाही."

"मग मामी, गाडी तुझ्या अंगणातच राहील. माझ्या मामाला रोज सकाळी कुणी विचारतंय हे मला ठाऊक नव्हतं. मी स्वतः वर्षात एकदाही विचारलं नाही त्याला." एवढं बोलून तो खाली बसला आणि जमिनीकडे बघत राहिला.

"आणि पोरी, त्याच्या वाटचं जमिनीवरच ओतत जा," आपाऊ नाना म्हणाला. "जमिनीला काही जास्त होत नाही."

काळं उतरलं, गाडी राहिली, मग पावडर हवीच. बायका डबे घेऊन उठल्या आणि बिरागोच्या मानेला, खांद्यांना पावडर लागली. तिनं ती लावून घेतली आणि मग सरळ ब्रेन्याकडे चालत आली. "तुझा डबा दे."

"माझा कशाला? तो इंजिनाचा आहे."

"दे म्हणते ना."

त्यानं दिला. तिनं झाकण काढलं आणि मागं फिटरांच्या रांगेकडे बघून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बादूनं हे काम राखून ठेवलं होतं. तो आता यायचा नाही, म्हणून मी करते. आजपासून हा मोकळा. ह्याला कुणी पाणी आणायला सांगायचं नाही." आणि तिनं अख्खा डबा त्याच्या पिकल्या डोक्यावर उलटा केला.

वेल्डिंगवाल्यानं पहिली टाळी वाजवली. ब्रेन्या उभाच होता, डोकं पांढरं, भुवया पांढऱ्या, गाल पांढरे, हात कुठं ठेवावेत हे न कळलेलं. "पुरे आता," तो पुटपुटला, "डोळ्यांत गेली माझ्या."

बिरागोनं त्याचा चेहरा नीट पाहिला. डोळ्यापासून हनुवटीपर्यंत पावडरीतून एक ओली रेघ खाली उतरत होती, आणि बघता बघता दुसऱ्या गालावर दुसरी. तिनं अंगठ्यानं रेघेचं वरचं टोक हलकेच टिपलं, तो इंजिनावर टिपतो तसंच.

"राहू दे," ती म्हणाली. "ही बंद करू नकोस."